तिसऱ्या भांड्यातली शेवटची जागा

३ मार्च

प्रिय ताई,

“हिला लिंबूटिंबू धरायचं नाही. हिच्यावर झालेला गोल मोजायचा.”

हे तू म्हणाली होतीस, आठवतंय? मी सहा-सात वर्षांची असेन. गल्लीतल्या मुलांना गोलकीपर कमी पडत होता, म्हणून त्यांनी मला विजेचा खांब आणि आपला जिना यांच्यामध्ये उभं केलं होतं. वर ठरवलं होतं, की ही लहान आहे, लिंबूटिंबू आहे, हिच्याकडून गोल गेला तर तो धरायचा नाही. तू क्लासवरून येत होतीस. दप्तर जिन्यावर टाकलंस, कमरेवर हात ठेवलेस आणि हे वाक्य बोललीस. त्यानंतर माझ्यावर गोलावर गोल झाले, सगळे मोजले गेले, आणि आमची बाजू सपाटून हरली. मी रडत घरी आले. पण ते रडणं मला अजून आवडतं.

फोनच केला असता, पण तुझ्या त्या कमी ऐकणाऱ्या डाव्या कानाला काही सांगितलं तर तू नुसतं ‘हो हो’ म्हणतेस, आणि उजव्याला सांगायला जावं तर ऑफिसात कुणीतरी तुला हाक मारतं. शिबिरात आमचे फोनही सकाळीच टोपलीत जमा होतात. किटची गाडी दर आठवड्याला तुमच्या फुटबॉल महासंघाच्या ऑफिसात येते, ड्रायव्हरकाकांच्या हाती हे पाठवतेय. ते म्हणाले, “बुटांच्या पिशवीत ठेवतो, वास आला तर माझ्यावर चिडू नका.”

काल कोचनी आम्हाला मैदानात गोल करून बसवलं आणि सांगितलं, एप्रिलची मॅच रद्द. जूनचीही रद्द. सप्टेंबरचं विचारू नका. कारण काय, तर ‘वरून आलंय.’ आमच्याकडे वरून दोनच गोष्टी येतात, पाऊस आणि तुमचं ऑफिस.

पुढच्या वर्षी पात्रता फेरीला कोच झिराफला उभी करणार आहेत, हे तुला माहीत आहे. झिराफ म्हणजे ती उंच मुलगी, दारातून आत येताना वाकते ती. मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण ते माझं मी बघेन. पोरगी चांगली आहे. कोचनी मला समोर बसवून सांगितलं होतं, की या वर्षातल्या मैत्रीपूर्ण मॅच तुझ्या, मग खांद्याला विश्रांती दे. देशासाठी इतकी वर्षं उभी राहिल्यावर एवढं मला पुरे होतं.

आता त्या मॅचच नाहीत, तर माझी शेवटची मॅच कोणती ठरते बघ. बेटवाल्यांबरोबरची, त्या चिमुकल्या बेटाच्या देशाबरोबरची. मॅच संपत आली होती, त्यांच्या त्या बुटक्या मुलीने लांबून चेंडू ढकलला, मी खाली वाकले आणि तो माझ्या हातांमधून आणि पायांमधून निघून गेला. मारलाही नव्हता गं तिने, नुसता ढकलला होता. आई अजून शेजारणीला सांगते, की मैदान ओलं होतं. मैदान कोरडं होतं.

मला एक मॅच हवी आहे. जिंकायलाच हवी असं नाही. फक्त माझ्या नावापुढची शेवटची ओळ ती नको, आणि आईने एकदा मैदानावर येऊन बघावं, तिचे डोळे आहेत तोवर. हे रद्द करायचं कुणाच्या डोक्यातून निघालं ते शोध, आणि त्याला माझं एवढं सांग.

तुझी,
धाकटी

११ मार्च

धाकटे,

शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्याच डोक्यातून निघालं.

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं नाही, घरी आणलं. वाचून झाल्यावर आईने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, खांदा बरा आहे. मग तुला काय लिहायचं या विचारात दोन-तीन दिवस गेले. लपवून ठेवणं मला जमलं नसतं असं नाही, पण मग तू मला रोज नवा माणूस शोधायला लावला असतास.

तू गोलमध्ये उभी राहतेस, तुला ही कारकुनी कधी कुणी समजावून दिली नसेल, म्हणून सांगते. प्रत्येक संघाचे गुण असतात. मॅच जिंकली की वाढतात, हरली की उतरतात. मोठ्या संघाला हरवलं तर घसघशीत मिळतात, पण मोठे आपल्याशी खेळायला येतात कशाला? उरतात आपल्याहून लहान. त्यांच्याशी जिंकून मिळतं मूठभर, आणि हरून जातं पोतंभर. बेटवाल्यांनी आपलं पोतं नेलं. (हे तुला टोचायला लिहीत नाही.) आणि खेळलंच नाही, तर गुण आहेत तिथे राहतात.

डिसेंबरात पात्रता फेरीची सोडत आहे. त्याआधी सगळ्या संघांना क्रमवारीने चार भांड्यांत टाकतात. ऑफिसात सगळे पॉट म्हणतात, आई भांडं म्हणते, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. पहिल्या भांड्यात बलाढ्य, चौथ्यात दुबळे. प्रत्येक भांड्यातून एकेक चिठ्ठी काढून गट करतात. बाई वर्गात गट पाडतात ना, एक हुशार, दोन मधल्या, एक ढ, तसंच. गटात तिसरं आलं तरी आणखी एक संधी मिळते. तिसऱ्या भांड्यात असलो तर आपल्याखाली एक तरी गटात असणार, म्हणजे ती संधी हाताशी आली. चौथ्यात गेलो तर वर तिघी बसणार.

आत्ता आपण कुठे आहोत सांगू? तिसऱ्या भांड्यातल्या शेवटच्या जागेवर. नखाएवढ्या फरकाने.

सचिवांनी मला बोलावून विचारलं, एप्रिल-जूनमध्ये खेळलो तर काय होईल? मी मांडून दाखवलं. फायदा थोडा, धोका जास्त. मग त्यांनी विचारलं, “आणि नाही खेळलो तर?”

मी म्हटलं, “तर काहीच होणार नाही.”

ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “बाई, काहीच न होणं, हेच तर आपल्याला हवंय.”

त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, तुझं पत्र आल्यावरही. ते तसंच येतं.

ताई

१८ मार्च

ताई,

पेपरलाच बसले नाही तर नापास कशी होईन, हे मी शाळेत एकदा आईला पटवत होते. तेव्हा तूच माझा कान धरून मला परीक्षेला नेऊन बसवलं होतंस. आता तू एका देशाला घरी बसवलंयस. प्रगती आहे.

आमचं इथे कसं चाललंय, सांगते. सकाळी पळतो. मग चेंडू. मग कोच भिंतीवर बाण काढून दाखवतात, की समोरच्या अशा आल्या तर आपण असं जायचं. समोरच्या कोण, ते कुणी विचारत नाही. रोज चारी ठाव स्वयंपाक करायचा, झाकून ठेवायचा, आणि जेवायला कुणी येणार नाही हे माहीत असायचं. झिराफने काल मला विचारलं, “ताई, आपण नक्की कशाची तयारी करतोय?” मी म्हटलं, न खेळण्याची, नीट कर. ती बिचारी हसलीसुद्धा नाही. हातमोजे घालायला लागली.

तू मला सगळं इतकं नीट समजावलंस, की आता भांडायलाही जागा राहिली नाही. तुझं हे पहिल्यापासून असंच. आपल्याकडे भांडण झालं की तू कारणं सांगायचीस, आणि मग माझ्याकडे नुसतं रडू शिल्लक राहायचं.

एकच विचारते. तुझ्या त्या गणितात मी कुठे होते का?

धाकटी

२२ एप्रिल

धाकटे,

नव्हतीस. गुण संघाचे असतात, माणसांचे नसतात. मी संघ मांडला होता. तू लिहीपर्यंत मला त्या आकड्यात कुणाचा चेहरा दिसलाच नाही, आणि आता दुसरं काही दिसत नाही, पण आकडा तोच येतो.

एवढे दिवस पत्र नव्हतं, कारण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं. सचिवांकडे मी दोनदा गेले. पहिल्या वेळी त्यांनी चहा मागवला आणि तुझं खूप कौतुक केलं. सभागृहात तुझा सत्कार करू म्हणाले. मी म्हटलं, सत्काराला ती हातमोजे घालून आली तर चालेल का? ते हसले. दुसऱ्या वेळी त्यांनी चहा मागवला नाही. म्हणाले, “तुम्हीच मला सांगितलंत ना, धोका आहे म्हणून? मग आता बहिणीसाठी गणित बदललं का?” गणित बदललं नव्हतं.

पण खाली वाकून शोधलं की काहीतरी सापडतं. नियमात एक गोष्ट आहे. मैत्रीपूर्ण मॅचमध्ये ठरल्यापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवल्या, तर ती मॅच क्रमवारीसाठी धरतच नाहीत. मोठमोठे संघसुद्धा असं आपसात ठरवून करतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी भरपूर मुली बदलायच्या. मॅच खरी, पंच खरे, मैदान खरं, पण निकाल काहीही लागला तरी गुणांना धक्का नाही. जिंकलो तरी नाही, हरलो तरी नाही.

सचिव लगेच तयार झाले. शेजारच्या देशाचा संघ जूनमध्ये यायला तयार आहे. मॅच इथेच, आपल्या शहरातल्या मैदानावर. आईला रिक्षाने नेता येईल. मी पुढच्या रांगेत, उन्हाच्या उलट बाजूला, दोन खुर्च्या धरून ठेवायला सांगितल्या आहेत. आईला सांगून टाकलं. तिने चष्मा पुसायला घेतला तो अजून पुसतेय.

तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहायचंस. बदलायच्या त्या बाकीच्या. हे मी कोचांशी बोलून घेतलंय. आता तरी हस.

ताई

२९ एप्रिल

ताई,

पत्र वाचून मी आधी हसलेच. मग तो नियम पुन्हा वाचला. गोल झाला तर धरायचा नाही. जिंकलं तर धरायचं नाही. सगळ्यांनी गंभीर तोंड करून खेळायचं आणि एकीला मात्र कळू द्यायचं नाही, की ही लिंबूटिंबू आहे.

मी उभी राहणार नाही.

तुला वाईट वाटेल, तू किती धावपळ केली असशील हे मला दिसतंय. पण तू तेव्हा गल्लीतल्या मुलांना जे सांगितलंस ते आता सचिवांना सांगता येत नसेल, तर हेही नको. मला माझ्या नावापुढे एक मोजलेली ओळ हवी होती. तू मला अंगणात खेळायला सोडतेयस.

आईला सांग, खांदा दुखतोय. तो दुखतोच आहे.

धाकटी

१६ जून

धाकटे,

मी आईला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत मॅचचा दिवस उजाडला. सकाळी ती साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. मला वाटलं, रिक्षात सांगेन. रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला आणि सगळा रस्ता तुझ्या लहानपणाबद्दल बोलत राहिली. मग वाटलं, मैदानावर गेल्यावर तिचं तिलाच कळेल. ही माझी हुशारी.

खुर्च्या पुढच्या होत्या. दोन्ही संघ रांगेत आले. लाउडस्पीकर बिघडलेला होता, नावं कुणी पुकारली नाहीत. आईने डोळे बारीक केले आणि विचारलं, “ती पिवळ्या शर्टातली, ती आपलीच ना?”

गोलकीपरचा शर्ट पिवळा होता. आत झिराफ होती. मी ‘हं’ म्हटलं.

एवढंच केलं मी. एक ‘हं’. त्यानंतर दीड तास आई तुला बघत होती. चेंडू लांब असला की म्हणायची, बघ कशी उभी आहे, अगदी शांत. मधेच म्हणाली, “उंच झाली का गं ही?” मी म्हटलं, मैदानात सगळेच उंच दिसतात. दुसऱ्या अर्ध्यात त्यांना पेनल्टी मिळाली. आईने माझं मनगट पकडलं. झिराफने उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू बोटांच्या टोकाने बाहेर काढला. आई उभी राहिली, धाकटे. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. काठी न घेता उभी राहिली. आणि बसताना हळूच म्हणाली, “चला. धुऊन निघालं ते.”

म्हणजे ते मैदान ओलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

मॅच बरोबरीत सुटली. मुली पाहुण्या संघाला घेऊन लगेच बसकडे गेल्या, मी आईला गर्दीचं कारण सांगून घरी आणलं. संध्याकाळपासून तिचं सगळ्या इमारतीला सांगून झालंय. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही, आणि बघितल्यावाचून राहवतही नाही.

तूच सांग, आता मी काय करू? तू म्हणशील ते करेन. खरं सांगायचं म्हणालीस तर खरं सांगेन.

ताई

२ जुलै

ताई,

रविवारी मी येऊन गेले, तेव्हा तू माझ्याकडे सारखी बघत होतीस, मी आईला काय सांगते म्हणून. काही सांगितलं की नाही हे मी तुला बोलले नाही, कारण तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा जे झालं ते मोठ्याने सांगता आलं नसतं.

आईने माझा हात हातात घेतला. एकेक बोट चाचपून बघितलं. विचारलं, “कोणत्या बोटाला लागला गं चेंडू?”

मी मधलं बोट पुढे केलं.

तिने ते दाबून दिलं. थोडा वेळ दाबतच बसली. तूप लावू का म्हणाली. मी म्हटलं, नको, आता दुखत नाही.

तेव्हा खरं सांगू नकोस. सांगून काय होणार आहे? तिच्याकडे माझी एक मॅच आहे, ती तिला राहू दे. मी न खेळलेली, क्रमवारीतही न धरलेली, पण तिने पुरती मोजलेली. झिराफला मी सांगितलं, की माझी आई म्हणाली पेनल्टी छान अडवलीस. पोरगी लाजली. तिला वाटलं, मी कौतुक पोचवतेय. खरं तर मी तिचा माल तिला परत करत होते.

मला हसू येतं, ताई, आणि मग ते मधेच थांबतं.

आता निदान तुमची ती शेवटची जागा सांभाळा. एवढं सगळं आम्ही तिच्यासाठी केलंय, ती गेली तर मी काय तोंडाने रोज पळायला जाऊ?

धाकटी

२७ नोव्हेंबर

धाकटे,

गेली.

सोडतीच्या आधीची शेवटची क्रमवारी आज लागली. आपले गुण मार्चमध्ये होते तेवढेच आहेत, त्यातला एकही कमी झाला नाही. आपण हललो नाही, पण खालून बेटवाले वर आले. हो, तेच. ते वर्षभर खेळत होते, हरत होते, जिंकत होते, कुणी बोलावलं तर जात होते. गेल्या आठवड्यात त्यांनी कुठेतरी लांब एक मॅच जिंकली आणि नखाएवढ्या फरकाने आपल्या पुढे गेले. तिसऱ्या भांड्यातली शेवटची जागा आता त्यांची. आपण चौथ्यात.

सचिव माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “बाई, परत मोजा.” मी परत मोजलं. ते म्हणाले, “पण आपण तर काहीच केलं नव्हतं.” एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या तोंडावर वर्गात छडी खाल्लेल्या मुलासारखे भाव होते. त्यांना काही बोलावंसं मला वाटलं नाही. मला तर कुणी छडीही मारली नाही.

दुसरे काय करतील याचा अंदाज मी मांडला होता. बेटवाले जिंकण्याची शक्यता कमी होती. आजही तो हिशेब काढून बघितला, आणि आजही ती कमीच येते. माझी चूक कुठे झाली ते दाखवायला माझ्याकडे काही नाही. ती असती तर मी तुझ्यापुढे ठेवली असती.

ताई

१३ डिसेंबर

धाकटे,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. ड्रायव्हरकाकांना विचारलं, ते म्हणाले, “दिलं हो हातात, त्यांनी खिशात घातलं.” तेवढ्यावर मी समाधान मानलं.

सोडत तू शिबिरात टीव्हीवर पाहिली असशील, पण आमच्याकडे कशी झाली ते सांगते. गेला आठवडाभर मी आणि आई जेवणं झाली की सोडत-सोडत खेळत होतो. चार वाट्या, त्यांत चिठ्ठ्या. आई डोळे मिटून काढायची, मी वाचायची. (तिला डोळे मिटायची तशी गरज नाही, पण नियम म्हणजे नियम.) कधी आपल्याला भयंकर गट यायचा, कधी बरा. वाईट आला की आई म्हणायची, ही धरायची नाही, पुन्हा काढू. इतक्या वेळा काढली, पण जो गट खरा निघाला तो आमच्या वाट्यांतून एकदाही निघाला नाही.

दिव्यांनी झगमगलेला हॉल होता. जुन्या काळातली एक खेळाडू, चंदेरी कपडे घातलेली, भांड्यात हात घालून गोळे ढवळत होती. उघडायची, पट्टी उलगडायची, हसून कॅमेऱ्यापुढे धरायची. तिसऱ्या भांड्यातून बेटवाले त्या गटात गेले. मग चौथ्यातून आपण, त्याच गटात. त्या बाईला काय माहीत, तिने काय उलगडलं ते. तिने दोन्ही पट्ट्या सारखंच हसून दाखवल्या.

पहिलीच मॅच त्यांच्याशी. मार्चमध्ये, आपल्या मैदानावर. मोजली जाणारी.

आईला मी वाचून दाखवलं तेव्हा तिने चारही वाट्या एकात एक घातल्या. मग म्हणाली, “देवाने ऐकलं. आता हिला त्यांच्यासमोर परत उभी राहू दे.” आणि खुर्च्या उन्हाच्या उलट बाजूलाच घे, म्हणाली.

तुझा करार या महिन्याअखेर संपतो हे मला माहीत आहे. कागद माझ्याच टेबलावरून गेला. लहान मुलींना शिकवायची जागा तुला देऊ केली आहे, हेही वाचलं. मी त्यावर शिक्का मारला आणि तारीख घातली.

तुला काही हवं असेल तर लिही. माझ्या हातात काय आहे ते तुला ठाऊकच आहे, तरी लिही.

ताई

२१ डिसेंबर

प्रिय ताई,

मागचं पत्र अजून माझ्या ट्रॅकसूटच्या खिशात आहे. धुवायला टाकताना काढते, पुन्हा ठेवते. रागावले नव्हते. तुझं पत्र वाचून मला तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटलं, आणि ते पत्रात कसं लिहायचं ते सुचेना.

सोडत आम्ही जेवणघरात पाहिली. बेटवाल्यांची पट्टी उघडली आणि मागून आपली, तेव्हा मुलींनी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्या मुद्दाम ताटात बघायला लागल्या. फक्त झिराफने बघितलं. नंतर माझ्या खोलीत आली, दारात वाकून, आणि पलंगाच्या कडेवर टेकली. म्हणाली, “ती बुटकी कशी मारते ते मला शिकवाल?” मी शिकवलं. आठवडाभर तेच शिकवतेय. ती मारण्याआधी डावा खांदा पाडते. मला हे त्या दिवशीही माहीत होतं.

शिकवायच्या जागेला मी होकार देणार आहे. खांदा आता केस विंचरायलाही वर जात नाही, मग मोठी झेप कुठून घेणार? मार्चमध्ये गोलमध्ये झिराफ हवी. मला कुणी विचारलं तर मीही तिचंच नाव सांगेन.

पण एक अडचण मी रोज मनात घोळवतेय. मार्चमध्ये तू आईला घेऊन जाशील. ती पिवळा शर्ट बघेल आणि विचारेल, आपलीच ना? तू ‘हं’ म्हणशील. दुसरं काय म्हणणार? मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तर मग गोलमध्ये कोण, असा प्रश्न तिला पडेल. म्हणजे मला बघायलाही येता येणार नाही. माझी मॅच असेल, आई असेल, तेच बेटवाले असतील, आणि मी कुठेतरी रेडिओ लावून बसेन, आपल्याच घरापासून लपून. आपण सगळ्यांनी काही ना काही सांभाळायचं म्हणून केलं, आणि बघ कुठे येऊन बसलो.

तू विचारलंस, काय हवं. सांगते.

जानेवारीत निवड समितीची बैठक आहे. कागद वाटायला आणि नोंद घ्यायला तू त्या खोलीत असतेस. गोलकीपरचा विषय निघेल तेव्हा पहिल्या मॅचसाठी माझं नाव घे. पळवाट शोधू नकोस, सत्कार नको, पाच मिनिटांपुरतंही नको. सरळ नाव घे आणि त्यांना मोजू दे. खांदा मोजू दे, वय मोजू दे, तो पायांमधून गेलेला गोलही मोजू दे. मग ते नाही म्हणतील. लिंबूटिंबूला कधी कुणी नाही म्हणत नाही, ताई, त्याला नुसतं खेळू देतात.

तू लिहिशील, की बैठकीत बोलायचा तुला अधिकार नाही. नोंद घेणाऱ्या बाईने नाव सुचवायचं नसतं, आणि सख्ख्या बहिणीचं तर नाहीच. सचिव पुन्हा म्हणतील, गणित बदललं का. आणि तू आधी घरी बसून आमच्या दोघींचं गणित मांडशील, मी आणि झिराफ, आणि उत्तर झिराफ येईल, आणि ते बरोबर असेल. हे सगळं तुझ्या पुढच्या पत्रात असणार आहे. मी आत्ताच वाचू शकते.

तरी माझं नाव घेशील का?

धाकटी